मोबिलिटी स्कूटर घेऊन बसने प्रवास करताना काय काळजी घ्यावी?

गुडघ्यांचा संधिवात, सीओपीडी, हृदयाची कमी झालेली क्षमता किंवा पक्षाघातानंतरचा अशक्तपणा असलेल्या अनेक रुग्णांना घरातल्या घरात चालता येते, पण बाजार किंवा दवाखाना गाठणे जमत नाही. अशांसाठी बॅटरीवर चालणारी मोबिलिटी स्कूटर उपयोगी पडते. मात्र ही स्कूटर रस्त्यावर जितकी सोयीची, तितकीच बसमध्ये चढताना आणि बस चालू असताना धोक्याची ठरू शकते.

व्हीलचेअर आणि स्कूटर यांत फरक काय?

व्हीलचेअरमध्ये रुग्ण तुलनेने खाली, दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांमध्ये बसतो. स्कूटरची सीट एका खांबावर उंच बसवलेली आणि बऱ्याचदा फिरणारी असते. त्यामुळे सगळे वजन वर राहते. ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला किंवा बस जोरात वळली, तर स्कूटर बसलेल्या माणसासकट कलंडू शकते. तीन चाकी स्कूटरमध्ये हा धोका चार चाकीपेक्षा जास्त असतो.

म्हणून सर्वांत महत्त्वाची सूचना ही: शक्य असेल तर बस सुटण्यापूर्वी स्कूटरवरून उतरून बसच्या सीटवर बसा. स्कूटर व्हीलचेअरसाठी राखलेल्या जागेत उभी करा, बंद करा, किल्ली काढून घ्या आणि पट्टा असल्यास बांधा. मोटर मोकळी करून स्कूटर हाताने ढकलण्यासाठी एक खटका असतो. तो चुकून तसाच राहिला तर ब्रेक लागत नाही आणि स्कूटर बसभर घरंगळते. तो पुन्हा पूर्ववत केल्याची खात्री नातेवाइकांनी करावी. सीटवर बसणे जमतच नसेल, तर त्या जागेत टेकण्यासाठी पाठ दिलेली असल्यास तिला पाठ लावून, बसच्या मागच्या दिशेला तोंड करून थांबा. आडवे कधीही थांबू नका.

रॅम्पचा चढ

आपल्याकडे शहरी लो-फ्लोअर बसच्या तळाची उंची साधारण ४० सेंमी असते. समजा रॅम्प १ मीटर लांब आहे. बस १५ सेंमी उंच फुटपाथला लागून थांबली, तर रॅम्पचा चढ सुमारे १४ अंश होतो. तीच बस फुटपाथपासून दूर थांबली आणि रॅम्प थेट रस्त्यावर टेकला, तर तो सुमारे २४ अंश होतो! छोट्या स्कूटरच्या माहितीपुस्तिकेत मात्र अनेकदा १० अंशांच्या आतलीच मर्यादा दिलेली असते. तुमच्या स्कूटरची मर्यादा पाहून ठेवा.

त्यामुळे चार पावले चालता येणाऱ्या रुग्णाने आधार घेऊन पायी चढावे आणि रिकामी स्कूटर दोघांनी चढवावी, असा सल्ला मी देतो. अनेक ज्येष्ठांना यात कमीपणा वाटतो. पण स्कूटर मागे उलटली, तर डोके थेट रस्त्यावर आपटते. बसूनच चढणे भाग असेल, तर फुटपाथवरूनच चढा, रॅम्पवर सरळ रेषेत जा, थोडे पुढे झुका आणि मध्येच वळू नका. उतरतानाही रुग्ण आधी, रिकामी स्कूटर नंतर. घाई करणाऱ्यांना थांबू द्या.

एसटीच्या पायऱ्या असलेल्या उंच बसमध्ये माणसासकट स्कूटर उचलण्याचा प्रयत्न करू नये. सुटी करता येणारी हलकी स्कूटर सामान म्हणून नेता येईल का, हे आगारात आधी विचारावे. मुंबई-पुण्यातही प्रत्येक बसला रॅम्प असेलच असे नाही, आणि असला तरी स्कूटर त्या जागेत मावेल याची खात्री नसते. लांबी-रुंदी मोजून आधी चौकशी करा. सार्वजनिक वाहतूक दिव्यांगांना वापरता यावी, यासाठी २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तरतूद आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.

डॉक्टरांना कधी विचारावे?

फिट्स येत असतील, उभे राहताच चक्कर येत असेल, पार्किन्सन्समध्ये अचानक झोप लागत असेल किंवा झोपेची अथवा तीव्र वेदनाशामक औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. पक्षाघातानंतर काही रुग्णांचे एका बाजूकडे लक्षच जात नाही. नजर उत्तम असूनही ते दाराच्या त्याच कडेला वारंवार धडकतात. घरी जेवताना ताटाच्या एका बाजूचे अन्न तसेच राहते का, हे पाहिल्यास कुटुंबीयांच्या ते लवकर लक्षात येते. अशा रुग्णाने एकट्याने स्कूटर चालवू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर किंवा ग्लुकोज खिशात ठेवावे. स्कूटरच्या टोपलीत ठेवलेले गर्दीत हाताशी येत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या डोक्याला बसमध्ये मार लागला, तर बाहेरून काही दिसत नसले आणि रुग्ण "मला काही झालं नाही" म्हणत असला, तरी त्याच दिवशी लगेच रुग्णालयात न्यावे. डोक्यातील रक्तस्राव काही तासांनंतरही उघड होऊ शकतो. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा बोलण्यात अडखळणे दिसल्यास १०८ ला फोन करावा.