गूगल ड्राइव्हची १५ जीबी जागा आणि घरचा शेअर केलेला फोल्डर : कागद नेमके कोणाच्या खात्यात आहेत?

एकच कुटुंब, पण माणसे चार गावी. अम्मी-अब्बा चिपळूणला, मोठा भाऊ कुवेतला, बहीण निकाहनंतर भिवंडीला, धाकटा पुण्यात शिकायला. अशा घरांत निकाहनामा, जन्मदाखले, पासपोर्टच्या प्रती, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवून सगळ्यांना शेअर करतात. सोय चांगली आहे. पण तो फोल्डर कोणाच्या खात्यात आहे आणि आतली प्रत्येक फाइल कोणाच्या मालकीची आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. जागा कोणाची भरणार आणि कागद किती दिवस टिकणार, हे त्यावरच ठरते.

१५ जीबी कशात जाते?

गूगलच्या प्रत्येक वैयक्तिक खात्याला १५ जीबी जागा मोफत मिळते. ही जागा एकट्या ड्राइव्हची नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिघांत मिळून ती आहे. १ जून २०२१ पूर्वी कमी दर्जात चढवलेले फोटो या हिशेबात धरत नसत. त्या तारखेनंतरचे सगळे फोटो-व्हिडिओ धरले जातात. अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो. म्हणून ड्राइव्हमध्ये चारच कागद असले तरी खाते भरलेले दिसू शकते.

तपासायचे असेल तर ड्राइव्ह अ‍ॅप उघडा, वर डावीकडच्या तीन रेषांवर दाबा आणि 'स्टोरेज' निवडा. कशाने किती जागा घेतली ते तिथे दिसते.

जागा भरली तर काय होते?

नवीन फाइल चढत नाही, फोटोंचा बॅकअप थांबतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे जीमेलवर मेल येणे-जाणे बंद होते. नोकरीचे पत्र, व्हिसाचा मेल, विमानाचे तिकीट अडकू शकते. खाते सलग दोन वर्षे मर्यादेच्या वर राहिले तर गूगल त्यातील सामग्री काढून टाकू शकते.

जागा मोकळी करताना

१. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा. बॅकअप बराच हलका होतो.

२. 'स्टोरेज'च्या पानावरच मोठ्या फाइली आणि मोठ्या अटॅचमेंटचे मेल वेगळे दाखवले जातात. एकेक फोटो पुसण्यापेक्षा आधी मोठे व्हिडिओ पाहा.

३. डिलीट केलेली फाइल आधी ट्रॅशमध्ये जाते आणि तिथेही जागा खाते. ड्राइव्ह आणि जीमेलचा ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो. फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस राहतात. जागा लगेच हवी असेल तर ट्रॅश स्वतः रिकामा करा, पण आधी एकदा नजर टाका. तिथून गेलेले सहसा परत मिळत नाही.

४. गूगल फोटोजमधले 'फ्री अप स्पेस' हे बटण फोनची जागा मोकळी करते, १५ जीबी नाही. उलट, बॅकअप चालू असताना फोटोज अ‍ॅपमधून फोटो डिलीट केला तर तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. घरातल्या मोठ्यांना हा फरक जरूर समजावून सांगा.

शेअर केलेल्या फोल्डरमध्ये मालक कोण?

नियम साधा आहे. ज्याने फाइल चढवली तो तिचा मालक आणि जागा त्याच्या खात्यातून जाते. फोल्डर अब्बांचा असला तरी बहिणीने त्यात चढवलेला व्हिडिओ बहिणीच्या १५ जीबीतून वजा होतो. नुसते पाहणाऱ्यांची जागा जात नाही. फोल्डरचा शॉर्टकट आपल्या ड्राइव्हमध्ये ठेवला तरी जात नाही. 'मेक अ कॉपी' केले तर मात्र ती नवी फाइल तुमची होते आणि जागाही तुमची लागते.

याची दुसरी बाजू अशी की मालकाने फाइल कायमची पुसली किंवा त्याचे खातेच गेले, तर ती सगळ्यांकडून जाते. जागा कमी पडली म्हणून भावाने कुवेतमध्ये बसून जुन्या फाइली साफ केल्या, तर चिपळूणला अम्मीच्या फोनवरही निकाहनामा उघडणार नाही. म्हणून कॉलेजने किंवा कंपनीने दिलेल्या खात्यात घरचे कागद ठेवू नका. शिक्षण संपले, नोकरी सुटली की संस्था ते खाते बंद करू शकते.

कोणाला किती परवानगी?

शेअर करताना तीन पर्याय असतात. 'व्ह्यूअर' फक्त पाहतो, 'कॉमेंटर' शेरा लिहू शकतो, 'एडिटर' बदल करू शकतो, फाइल फोल्डरबाहेर काढू शकतो. कागदपत्रांच्या फोल्डरला एक-दोन एडिटर पुरे, बाकीचे व्ह्यूअर ठेवा. मालकाने बंद केले नसेल तर एडिटर आणखी कोणालाही फोल्डर शेअर करू शकतो, हेही लक्षात असू द्या.

'एनीवन विथ द लिंक' ही परवानगी आधार, पासपोर्ट किंवा बँकेच्या कागदांना कधीच देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली लिंक पुढे कुठवर जाईल सांगता येत नाही, आणि ज्याच्या हाती लागेल तो कागद पाहू शकतो. शादी-वलीम्याच्या फोटोंनाही हेच लागू आहे. 'रिस्ट्रिक्टेड' ठेवून एकेकाचा ईमेल जोडायला पाच मिनिटे जास्त लागतात, पण घरातल्या बायका-मुलींचे फोटो अनोळखी फोनवर जात नाहीत.

मालक बदलणे आणि पुढची सोय

फाइलची मालकी दुसऱ्याला देता येते. शेअरच्या यादीत त्या व्यक्तीच्या नावापुढे हा पर्याय असतो, संगणकावरून करणे सोपे जाते. समोरच्याने ती स्वीकारली की मालकी बदलते आणि जागाही त्याच्या खात्यातून मोजली जाते. फोल्डरची मालकी दिली म्हणून आतल्या फाइलींची मालकी आपोआप जात नाही. त्या वेगळ्या द्याव्या लागतात.

दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल हटवू शकते. हे धोरण २०२३ मध्ये आले. घरातल्या बुजुर्गांचा इंतकाल झाला आणि त्यांचे खाते तसेच पडून राहिले, तर त्यातले जमिनीचे आणि वारशाचे कागद हिस्से ठरायच्या आधीच जाऊ शकतात. यासाठी गूगलच्या खात्यात 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय आहे. खाते ३ ते १८ महिने वापरात नसेल तर आपण आधीच निवडलेल्या माणसांना त्यातील माहिती मिळते. अशी जास्तीत जास्त १० माणसे निवडता येतात. अब्बांच्या हयातीतच, त्यांच्याजवळ बसून हे भरून घ्यावे.

जागा विकत घेण्याची वेळ आली तर प्रत्येकाने वेगळा प्लॅन घेण्याची गरज नाही. गूगल वनचा १०० जीबी किंवा त्याहून मोठा प्लॅन एकाने घेतला तर तो आणखी पाच जणांसोबत वाटून घेता येतो. यात जागा सामायिक होते, फाइली नाहीत. एकाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत.

एवढे करून ठेवा : घरच्या कागदांसाठी नियमित वापरातले एकच खाते ठरवा, महत्त्वाच्या फाइलींची मालकी त्याच खात्याकडे आणा आणि सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून अम्मीच्या कपाटात ठेवा. मूळ कागद मात्र जपूनच ठेवायचे. कचेरीत अनेकदा तेच मागतात.