गौरीपुढचा घाम

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर घरी येते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चित्पावनांकडे ती पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची असते. कुणबी-मराठा घरांत बहुधा तेरड्याची, साडी नेसवलेली. भाताची लावणी उरकलेली, कापणी अजून लांब. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले. रात्री जेवणं आटोपली की ओटी बायकांच्या ताब्यात जाते.

फुगडी बघायला सोपी, घालायला कठीण. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, पावलं पावलांना भिडवतात, हातांची कात्री करून पकड घट्ट करतात आणि अंग मागे झोकून देतात. सगळा भार चवड्यांवर. वेग चढला की गाणं मागे पडतं, तोंडात नुसता ‘फू’चा ठेका उरतो. बसफुगडीत तर उकिडवं बसून एकेक पाय आळीपाळीने पुढे फेकायचा. दोन मिनिटांत मांड्या भरून येतात.

पुरुषांना शरीर कमावायला तालीम होती आणि तालमीत मारुती होता. बायकांना तसं ठिकाण कुणी दिलं नाही. शेतात आणि घरात त्यांच्या अंगाचे काबाडकष्ट होत, पण आपल्या आनंदासाठी धापा टाकायची, मोठ्याने हसायची मुभा देवीच्या नावानेच मिळे. ब्राह्मण घरांत ती श्रावणातल्या मंगळवारी मिळायची. लग्नानंतर पाच वर्षं मंगळागौर. सकाळी पत्री वाहून पूजा, रात्री जागरण आणि झिम्मा, पिंगा, लाट्या, सूप नाचवणं. एकोणिसाव्या शतकात या नव्या नवऱ्या पुष्कळदा आठ-दहा वर्षांच्या पोरी असत. सासरी मान वर करायची चोरी, त्यामुळे या रात्रीचं मोल त्यांनाच ठाऊक.

मात्र हे अंगण सगळ्यांचं नव्हतं. मंगळागौर सवाष्णींची. देवरुखची गोदूबाई बालपणीच विधवा झाली आणि या खेळांना मुकली. पुढे ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा दापोलीजवळच्या मुरुड गावाने, कर्व्यांच्या स्वतःच्या गावाने, त्यांना वाळीत टाकलं. जातीची भिंतही तितकीच जाड होती. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१च्या फेब्रुवारीत सर्व जातींच्या हिंदूंना खुलं झालं. त्याच काळात सावरकरांच्या चळवळीने सर्व जातींच्या बायकांची हळदीकुंकवं घडवून आणली. कुंकू लावायला एकमेकींच्या कपाळापर्यंत हात पोचणं, ही तेव्हा मोठीच गोष्ट होती.

देवाच्या दारी जमणाऱ्या बायकांच्या तब्येतीकडे अमेरिकेत जाणीवपूर्वक पाहिलं गेलं. कृष्णवर्णीयांचं चर्च गुलामगिरीच्या काळापासून त्यांच्या हक्काचं ठिकाण. १९९०च्या दशकात बाल्टिमोर शहरातल्या १६ चर्चमध्ये चाळिशीपुढच्या ५२९ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांसाठी ‘प्रोजेक्ट जॉय’ हा उपक्रम झाला. काही गटांत व्यायाम आणि आहाराला प्रार्थनेची जोड होती, काहींत मुद्दाम नव्हती. पण तिथल्या बायकांनी ती आपणहून दिली! वर्षभराने या स्त्रियांचं वजन आणि कंबरेचा घेर थोडा उतरला, रक्तदाबही. उतार लहानच, पण तो ओळखीच्या माणसांत, आपल्या जागेत मिळालेला होता.

कोकणात आता पाटा-वरवंटा सुटला, शेतं ओस पडू लागली. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या. मंगळागौरीचे खेळ आज रंगमंचावर गेले आहेत; पन्नाशीच्या बायका त्यांचे गट करून महिनोन्‌महिने तालीम करतात. अशा गटांत विधवा बायकाही खेळताना दिसतात, हे गोदूबाईच्या जिल्ह्यात पाहायला फार बरं वाटतं.

अडचण एवढीच, की गौर तीन दिवसांची पाहुणी. बाल्टिमोरच्या बायका आठवड्यागणिक भेटत होत्या. रत्नागिरीच्या गावोगावी महिला भजनी मंडळं आहेतच. भजन संपल्यावर अर्धा तास झिम्म्याला दिला, तर नवी संस्था काढायला नको, वर्गणी नको, पोशाख नको. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसफुगडी सोडून टिपऱ्या घ्याव्यात.