नागौरचे उद्यानचित्र : एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना :
मराठी इतिहासवाचकाला नागौर परिचित आहे ते जयाप्पा शिंदे यांच्या हत्येचे ठिकाण म्हणून. कलेच्या इतिहासात मात्र याच नागौरची ओळख अठराव्या शतकातील राजवाडा व उद्यानांच्या चित्रांमुळे आहे. या दोन ओळखींचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चित्र व त्याचा आश्रयदाता :
मारवाडच्या राठोड घराण्यातील बखतसिंह याने १७२४ मध्ये पिता अजितसिंहाची हत्या केली. थोरला भाऊ अभयसिंह जोधपूरच्या गादीवर आला आणि बखतसिंहास नागौर मिळाले. तेथील अहिछत्रगडात त्याने महाल, हौद व कारंजी यांचा विस्तार केला आणि चित्रकारांना आश्रय दिला. सुमारे १७४८-५० या काळातील, त्याच्या होळीच्या उत्सवाचे चित्र मेहरानगड संग्रहालयाच्या संग्रहात आहे. कागदावर अपारदर्शक जलरंग व सोने वापरून ते रंगवले आहे. जलाशय, शुभ्र महाल, हिरवीगार झाडी आणि स्त्रियांच्या मेळ्यात एकटा राजा, असा त्याचा विषय आहे. २००८ मध्ये वॉशिंग्टन व २००९ मध्ये लंडन येथील प्रदर्शनांमुळे मारवाडची ही चित्रपरंपरा जगासमोर आली.

पाणी आणि सत्ता :
अशा चित्रांकडे केवळ विलासाचे दर्शन म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी वाटते. थरच्या वाळवंटाच्या काठावर पाऊस अत्यल्प. तेथे पावसाचे पाणी टाक्यांत व बावडीत साठवून ते पाटांतून व कारंज्यांतून खेळवणे, हे श्रम, तंत्रज्ञान व अधिकार यांचे प्रदर्शन होते. पितृहत्येचा कलंक असलेल्या आणि जोधपूरच्या गादीवर डोळा असलेल्या राजपुत्राला समृद्धीचा दाता म्हणून स्वतःची प्रतिमा घडवण्याची गरज होती, असे मानणे वाजवी ठरते.

चौकटीबाहेरचे नागौर :
१७५१ मध्ये बखतसिंहाने पुतण्या रामसिंहाकडून जोधपूरची गादी बळकावली. पुढच्याच वर्षी त्याचा मृत्यू झाला. रामसिंहाने मराठ्यांचे साहाय्य मागितले. १७५४ मध्ये मेडत्याजवळ पराभूत झालेला बखतसिंहाचा पुत्र विजयसिंह नागौरच्या किल्ल्यात शिरला आणि जयाप्पांनी वेढा घातला. जुलै १७५५ मध्ये मारेकऱ्यांनी जयाप्पांचा त्यांच्या छावणीतच वध केला. दत्ताजी शिंद्यांनी वेढा चालूच ठेवला. अखेर १७५६ मध्ये तह होऊन अजमेर मराठ्यांना मिळाले. किल्ला इतके दिवस टिकला, यामागे तटबंदीबरोबरच आतील जलसाठ्याचाही वाटा असला पाहिजे. चित्रात क्रीडेचे साधन म्हणून दिसणारे पाणी वेढ्यात जीवनाचा आधार झाले.

निष्कर्ष :
नागौरच्या किल्ल्याच्या जतनकार्यास २००२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार लाभला. वास्तू, चित्र व मराठी कागदपत्रे ही तिन्ही साधने आज उपलब्ध आहेत. परंतु चित्र कलाशिक्षकाकडे, मोहीम इतिहासाच्या प्राध्यापकाकडे आणि जलव्यवस्था स्थापत्याच्या अभ्यासकाकडे, अशी वाटणी झाल्याने विद्यार्थ्यापुढे तीन वेगळी नागौर उभी राहतात. उद्यानचित्र हे राजाला जे दाखवावेसे वाटले त्याचा पुरावा आहे. त्यातून जे वगळले गेले ते अन्य साधनांतून शोधावे लागते. वर्गात ही साधने शेजारी शेजारी ठेवली, तर साधनचिकित्सा म्हणजे काय हे विद्यार्थ्यास प्रत्यक्ष उदाहरणातून समजेल.