शिंद्यांचं इस्पितळ-जहाज आणि 5 एप्रिल

नेरूळजवळ करावे इथे 'चाणक्य' या प्रशिक्षण संस्थेत व्यापारी जहाजांवरचे भावी अधिकारी शिकतात. त्यांच्या पंचांगातला मोठा दिवस म्हणजे 5 एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन. 1919 मध्ये याच तारखेला सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली आणि इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला देशी आव्हान उभं राहिलं, असं सांगतात. ते खरंच आहे. पण हे जहाज स्वदेशीच्या हाती आलं साम्राज्याच्या युद्धसेवेतून, हा भाग गाळला जातो. 1890 मध्ये इंग्लंडात बॅरोला बांधलेलं हे जहाज मूळचं 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी ते टपाल आणि उतारू वाहायचं. मात्र युद्ध झालंच तर त्यावर तोफा चढवता याव्यात, ही सोय आराखड्यातच होती. 1914 च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ते विकत घेतलं आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ-जहाज केलं. संस्थानिकाचं जहाज म्हटलं की ऐषआरामच आठवतो. माधवरावांनी तर 1900 मध्ये चीनच्या मोहिमेलाही 'ग्वाल्हेर' नावाचं इस्पितळ-जहाज दिलं होतं!

यावर कोणी म्हणेल, श्रेय सिंधिया कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांचं. जहाज कुठलंही चाललं असतं. धाडस त्यांचं होतं, यात वादच नाही. पण पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांनी जगभरची जहाजं बुडवली होती, नव्यांना गोद्यांत जागा नव्हती, भाव आभाळाला भिडले होते. अशा वेळी अठ्ठावीस वर्षांचं, जुन्या धाटणीचं जहाज घेतलं गेलं, कारण युद्ध संपल्यामुळे ते मोकळं झालं होतं आणि हाताशी होतं. 'लॉयल्टी' फार टिकली नाही. 1923 मध्ये मुंबईतच ती मोडीत निघाली. तरीही हा केवळ योगायोग मानता येत नाही, कारण पुढचं पाऊलही तसंच पडलं. हिंदी तरुणांना जहाजावरचे अधिकारी करण्यासाठी 1927 मध्ये मुंबईत 'डफरिन' उभी राहिली. तीही मूळची साम्राज्याच्याच सेवेतली, रॉयल इंडियन मरीनची सैन्यवाहू बोट होती. तिच्या जागी 1972 मध्ये 'राजेंद्र' आली आणि 1993 मध्ये करावेच्या किनाऱ्यावरची 'चाणक्य'.