जुळवलेला फोटो आणि त्यातला माणूस

इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याची दारू पकडली गेली की वर्तमानपत्रात एक ठरावीक फोटो येतो. खोके ओळीने रचलेले आणि मागे अधिकारी उभे. हा फोटो जुळवलेला आहे हे शाळेतल्या मुलालाही कळते. कारवाई त्याच क्षणी चालू आहे असा दावा कोणी करत नाही, म्हणून त्यात फसवणूक नाही. मग बातमीच्या फोटोतली जुळवाजुळव कुठे चुकीची ठरते? इतिहासातली तीन उदाहरणे पाहू.

1946 साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो काढायला पुण्यात आल्या. आधी चरखा चालवायला शिका, असे त्यांना सांगण्यात आले. गांधीजींना प्रखर प्रकाश आवडत नसे, त्यामुळे तीनच फ्लॅश बल्ब वापरायची परवानगी मिळाली. चरख्यामागे बसून वाचणाऱ्या गांधीजींचा तो प्रसिद्ध फोटो असा तयार झाला. यात तयारी होती, पण अटी गांधीजींच्या बाजूने घातलेल्या होत्या.

पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि त्याच बाई पंजाबात निर्वासितांच्या काफिल्यांबरोबर फिरत होत्या. त्यांच्यासोबत असलेल्या ‘लाइफ’च्या वार्ताहर ली आयटिंगन यांनी नंतर सांगितले की, घाबरलेल्या शीख निर्वासितांना फोटोसाठी पुन्हा पुन्हा मागे जाऊन चालायला लावले गेले. भीतीपोटी त्यांना नाही म्हणता आले नाही. स्थलांतर खरे होते, हाल खरे होते, पण ती जास्तीची पावले कॅमेऱ्यासाठी होती. ज्याच्या अंगात त्राण उरलेले नाही, त्याच्याकडून ती वसूल केली गेली.

तिसरे उदाहरण त्याहून जुने आणि भयंकर. नोव्हेंबर 1857 मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत इंग्रज फौजेने सुमारे 2,000 बंडवाल्या सैनिकांना ठार मारले. फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार तिथे पोहोचला 1858 च्या वसंतात, म्हणजे काही महिन्यांनी. तरीही त्याच्या फोटोत अंगणभर हाडे आणि कवट्या पसरलेल्या दिसतात. जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आठवणीत नोंदवले आहे की, झाकलेले मृतदेह बेआतोने आग्रह धरून फोटोसाठी उघडे करायला लावले. त्या मृतांत मुसलमान होते, हिंदू होते. कुणाचाही धर्म मृतदेहाची अशी विटंबना मान्य करत नाही. पाहणाऱ्याला मात्र वाटते की लढाई आत्ताच संपली आहे.

या तिन्ही फोटोंमध्ये जुळवाजुळव आहे, पण समोरच्या माणसाची स्थिती वेगळी आहे. गांधीजी नाही म्हणू शकत होते. निर्वासित घाबरलेले होते. सिकंदरबागेतले तर मेलेले होते.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. पूर आला की धान्याचे किट वाटले जाते, रमजानमध्येही वाटले जाते. फोटो नीट आला नाही म्हणून एखाद्या विधवेला तेच किट पुन्हा हातात घ्यायला लावतात. दान गुपचूप द्यावे ही आपली शिकवण त्या वेळी कुठे जाते? किट खरे असते, गरजही खरी असते. पण ज्या बाईला त्या धान्याची गरज आहे, ती फोटोला नाही कशी म्हणणार? म्हणून फोटो खरा की खोटा एवढेच विचारून भागत नाही. त्यातल्या माणसाला नकार देता आला असता का, हेही विचारायला हवे.