दिनविशेष : ३१ जुलै १८६५
नाना शंकरशेठ यांचे निधन

मुंबईचे सराफ-व्यापारी आणि कायदेमंडळाचे सभासद जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ यांचे ३१ जुलै १८६५ रोजी मुंबईत निधन झाले. १८६१च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यात स्थापन झालेल्या कायदेमंडळावर नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत ते होते. हे सभासद सरकारने निवडलेले असत आणि त्यांचे अधिकार तुटपुंजे होते. तरीही कायदा करण्याच्या जागी येथील माणूस बसला, ही गोष्ट लहान नव्हती.

नानांची खरी ठेव मात्र रुळांवर आहे. १८४५ साली जमशेटजी जिजीभाई यांच्यासह त्यांनी रेल्वेसाठी पुढाकार घेतला. त्यातून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे उभी राहिली आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या लातूर भागाला रेल्वेसाठी पुढे बरीच वर्षे थांबावे लागले. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी लातूरला पोहोचली ती १९११ साली. कुर्डुवाडीला ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मोठ्या मार्गाला मिळत असे. आज लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळचा प्रवासी लातूरला रात्रीची गाडी धरतो आणि सकाळी मुंबईत जुन्या बोरीबंदरच्याच परिसरात उतरतो.

शालेय परीक्षेतील संस्कृतच्या यशासाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती हे त्यांचे दुसरे स्मारक. १९१२ साली ती पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांना मिळाली.