मोजपट्टी कोणाच्या स्नायूंची?

वार्धक्यातील स्नायूंच्या ऱ्हासाला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. ग्रीक मुळांनुसार त्याचा अर्थ मांसाचे दारिद्र्य. दारिद्र्य म्हटले की रेषा आलीच. ती १९९८ मध्ये न्यू मेक्सिकोत रिचर्ड बाउमगार्टनर यांनी आखली: हातापायांतील स्नायूंच्या वस्तुमानाला उंचीच्या वर्गाने भागायचे, उत्तर निरोगी तरुणांच्या सरासरीहून दोन प्रमाण विचलनांनी कमी असेल, तर स्नायू अपुरे. पुरुषांसाठी सीमा निघाली ७.२६ किलो प्रति चौरस मीटर. गणित सोपे आहे; मेख ‘तरुण कोणते’ यात आहे. ते अमेरिकी होते.

आशियाई कार्यगटाने २०१४ मध्ये ही सीमा ७.० मानली, पण तीही मुख्यतः पूर्व व आग्नेय आशियातील माहितीवर बेतलेली. पुढे चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी भारतीय तरुणांवरून सीमा काढली: पुरुष ६.११, स्त्रिया ४.६१. मुठीच्या पकडीची सीमा मात्र २७.५ व १८ किलो, म्हणजे कार्यगटाच्या २०१९ मधील २८ व १८ शी जवळजवळ जुळणारी. स्नायू कमी, बळ तेवढेच! उसन्या मोजपट्टीने कितीतरी धडधाकट माणसे उगाच उणी ठरली असती.

तरी नवी मोजपट्टीही निर्विवाद नव्हे. पुण्याची नवजात बालके इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत स्नायूंनी कृश, पण मेदाने तितकी कृश नाहीत, हे चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००३ मध्येच दाखवले होते. तरुणांच्या स्नायूंची तूट गर्भावस्थेपासूनची असेल, तर त्यांच्यावरून आखलेली रेषा त्या तुटीलाच प्रकृती ठरवते. याचा निवाडा एका शहराच्या नमुन्यावरून होणे नाही. ‘लासी’ पाहणीने २०१७-१८ मध्ये देशभर पकड मोजली खरी, पण तिची आखणी ४५ वर्षे व त्यापुढील वयासाठी होती.